तिसरा दशांश

वजन करताना पंखा बंद.
एप्रिल, लाखांदूर, दुपारचे दोन,
पत्र्याखालची रसायनशास्त्राची खोली,
आणि श्वासही तोंड फिरवून सोडायचा,
कारण तराजूचा तिसरा दशांश
फार हलक्या कानाचा.

आचल नान्हेनं काच आधी रिकामी तोलली:
एकवीस पूर्णांक चार शून्य सहा.
बापानं ठेक्यानं घेतलेल्या बोडीतलं हिरवं पाणी
तिनं फेब्रुवारीपासून बाटल्यांत वाढवलं,
तुरटी फिरवून तळाशी बसवलं,
वाळवलं, खलात घोटलं,
आणि शंभर मिलिग्रॅम मोजून
क्लोरोफॉर्म-मिथेनॉलच्या हवाली केलं.

नरसाळ्यात दोन थर.
वर पाणी, खाली गर्द हिरवं,
मधली रेघ इतकी बारीक
की तोटी कधी मिटायची ते बोटं ठरवतात.
मागच्या खेपेला तोटी अडकायची
म्हणून उकंडरावांनी तिला व्हॅसलीन चोपडलं होतं.
त्या दिवशी शैवालात एकतीस टक्के चरबी निघाली.
आम्ही दोन तास श्रीमंत होतो.

आज कोरडी तोटी, थेंब थेंब.
गरम पाण्यावर काच, खिडक्या सताड,
वास उडेपर्यंत आम्ही व्हरांड्यात.
मग काचेवर उरलं ते:
एक पिवळट-हिरवा डाग,
भज्याच्या कागदावर उरतो तेवढाच.
एकवीस पूर्णांक चार एक नऊ.
वजाबाकी तिनं बोटांवर केली. तेरा.
पुन्हा केलं तर नऊ. पुन्हा, चौदा.

ज्या बाटलीला युरिया दिला नव्हता
तिचं बावीस आलं.
"उपाशी रावून लट्ट होते?"
उकंडराव काच पुसता पुसता थांबले,
"मंग आमी काहून नाई झालो?"
वाढतही नाही ती फारशी, मी म्हटलं,
नुसती साठवत बसते.
ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी बाप सायकलवर घ्यायला आला,
कॅरियरला जाळं.
"फोडनीपुरता निंघल का तेल?"
आचलनं वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
लिटरला अर्धा ग्रॅम शैवाल, त्यात तेरा टक्के,
एका चमच्याला सत्त्याहत्तर लिटर.
"पाच घागरी, बाबा."
तो हसला. मग बोडीच्या दिशेनं बघून
मनातल्या मनात घागरी मोजू लागला
असं मला वाटलं.

जाताना तिनं विचारलं,
"सर, ते नऊ खोडू?"
मी म्हटलं, राहू दे.
का आलं ते मलाही ठाऊक नव्हतं.

मग पंखा लावला.
रिकाम्या तराजूवर शेवटचा आकडा
दोन, शून्य, एक, तीन करत राहिला.