ताटाखालचा खडा

रस्सा ताटभर पसरू नये म्हणून आमच्याकडे
ताटाच्या एका कडेखाली खडा ठेवतात.
माझा खडा सगळ्यांपेक्षा मोठा.
रस्सा खाली, भाकर वर, आणि मधे
दोन बोटं कोरडी जागा.
तिथं थेंब आला की माझं जेवण संपलं.

"पोट्टीची जीभ का सुईचं टोक वं,"
मंदाआत्या म्हणायची,
"इच्यासाठी आता इमानातून मागवा काही."

वांग्याच्या बिया. भेंडीची तार.
अंबाडीच्या भाजीतल्या गिळगिळीत कण्या.
फोडणीतली मोहरी दाताखाली फुटली
की मानेवर काटा यायचा.
जिभेला स्पर्श सोसायचा नाही.
हे असं सांगायला तेव्हा शब्द नव्हते,
मिटलेलं तोंड होतं फक्त.

बापानं एकदा दिवेलागणीपर्यंत बसवलं ताटावर.
भरीत थंडगार, वर तेल थिजलेलं.
कापूस वेचून बाया परतल्या,
एकेकीनं दारातून वाकून पाहिलं.
शेवटी फ्रॉकच्या खिशात कोंबलं सगळं
आणि गोठ्यामागं बकरीपुढं खिसा उलटा केला.
तिनं हुंगलं,
मान फिरवली.
त्या दिवसापासून ती बकरी माझी.

लग्न जुळवताना विचारलं, स्वयंपाक येतो का?
येतो म्हटलं. खोटं नव्हतं.
खाता येतं का, ते कुणी विचारलं नाही.

आर्वीहून आत, दिवसातून दोनदा एसटी, असं माझं सासर.
आधी माणसं जेवतात, मग पोरं, मग आम्ही.
मागून जेवणारीच्या ताटात कोण पाहतं?
भाकर, फल्लीची चटणी, वरणाचं वरचं पाणी
यावर मी चौदा वर्षं काढली,
आणि तेवढ्यात माझं भरीत गावभर नावाजलं.
मीठ वासावर घालते.
तिखट तर्रीच्या रंगावरून कळतं.
तेरवीच्या पंगतीत पत्रावळीवर हात आडवा धरला
की वाढणारा बादली सावरत हसतो,
"वहिनी, आजबी उपास का?"
हो म्हणते.
माझे उपास मोजायला एका देवाला जमायचं नाही.

मग ओजस.
शाळेच्या खिचडीतले वाटाणे वेचून
सतरंजीच्या कडेला ओळीत लावायचा.
मॅडमनी बोलावलं.
मी उभी, चोरी सापडल्यासारखी,
वाटाणे मोजत. एकोणीस.
सगळे सारख्या अंतरावर.
मोहरी मीही अशीच लावायची.

"दोन दिस उपाशी ठेव," दिवाकर म्हणाले,
"तिसऱ्या दिशी गोटेबी खाईन."
"नाही खाणार."
"तुले काय मालूम?"
चुलीत लाकूड ओलं होतं, धूर झाला.
मी फुंकणी उचलली.

वच्छलाबाई ओसरीवर फल्ल्या फोडत होत्या.
त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडं, बराच वेळ,
शेंगेत दाणा भरला की नाही
हे दाबून पाहावं तसं.
मग पुन्हा फल्ल्या.

त्या आठवड्यात पाहुणे आले, भरिताचा बेत ठरला.
पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी टाकली.
विस्तव बसल्यावर राख उकरली
तर सात वांग्यांशेजारी दोन आलू.
एक लहान,
एक मोठा.

"पोट्ट्यासाठी," वच्छलाबाई म्हणाल्या,
आणि मोठ्यावरची राख फुंकून,
अर्धी साल काढून
तो माझ्या हातावर ठेवला.
एवढा गरम, की या हातातून त्या हातात
नाचवत राहिले नुसती.
"मोहरी नाई त्यात," एवढंच म्हणून
त्या पाहुण्यांना पाणी द्यायला गेल्या.

ओजसनं स्वतःच खडा शोधून
ताटाखाली सरकवला.
भरितात त्या दिवशी मीठ कमी पडलं,
पाहुणे बोलले नाहीत,
दिवाकर बोलले.