डबल बेल

“चला” म्हटलं की काळभोर काका चालत नाहीत.
दोन समांतर दांड्यांमध्ये नुसते उभे,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

पीएमटीत होते, मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
कंडक्टर.
मला ते तीन आठवड्यांनी सुचलं.
किल्लीनं दांडा वाजवला, टण् टण्,
आणि पाऊल उचललं.
दांडेकर पूल. विठ्ठलवाडी. हिंगणे.
मध्येच दांडा सोडून एक हात पुढं:
“सुटे द्या.”

शेजारच्या पलंगावर तेजल पोकळे,
खो-खोवाली, गुडघ्यात नवी दोरी,
टाच ओढतेय इंच इंच, नव्वद अंशांशी अडून,
शिव्या गिळत.
ती रुपया देते. रोज नवी प्रवासी.
संध्याकाळी मी तो त्यांच्या खिशातून काढून
तिला परत करते.

नऊ महिन्यांनी आज ती बूट घालून आली.
“कुठं जायचं?”
“ग्राउंडवर.”

काकांनी चिमटा नसलेल्या बोटांनी
हवेला भोक पाडलं,
तिच्या गुडघ्याकडे बघितलं बराच वेळ.
“तिकडं गाडी जात नाही, पोरी.
धायरी फाट्याला उतर. पुढं चालत.”

आणि तिथंच थांबले, दांडा धरून,
बेलची वाट बघत.