शेरा

रविनगरच्या मैदानावर, फेब्रुवारीतल्या साडेतीनच्या उन्हात
माझ्या हातातला कागद असा:
वेग. ताबा. पास. दम. डोकं.
प्रत्येकाला दहापैकी,
आणि खाली शेऱ्यासाठी दोन बोटं जागा.

अकरा नंबर. सुगत गजभिये, बी.ए. दुसरं वर्ष,
कामठीहून येतो, उजवी बाजू.
पाठीवरचा नंबर चिकटपट्टीचा, त्यातला एक सुटून पडलाय,
म्हणून लांबून गोलकीपर वाटतो
आणि गोलकीपर एवढा का पळतोय असं वाटतं.

पहिली वीस मिनिटं मी नुसत्या रेघा मारल्या.
चेंडू मिळाला सात वेळा. घालवला चार वेळा.
एकदा लाईनीवरून असा निसटला
की समोरचा बॅक कमरेत वळला आणि तिथेच राहिला,
कुलूप बघून दारात थबकलेल्या पाहुण्यासारखा.
मग क्रॉस. तो थेट भिंतीपलीकडे,
अमरावती रोडच्या रिक्षांमध्ये.
वेगाला आठ लिहिले.
पासचं घर रिकामं ठेवलं.

शेजारच्या खुर्चीतून ढोबळे सर म्हणाले,
"पोट्टं पळते मस्त. पन पळनं म्हंजे फुटबॉल नाही ना बावा."
खरं आहे.
अठरा वर्षं मी मोतीबागेच्या संघात बॅक खेळलो.
पळणाऱ्याला अडवायचं नसतं,
त्याची जागा संपवायची असते, हळूहळू,
मग तो आपणच रेघेबाहेर जातो.
पुष्कळ घालवले तसे. गुडघा त्यातच गेला.

आणि ह्या कागदाचंही मला माहीत आहे.
ज्याला एका वर्षी मी सगळीकडे नऊ दिले
तो बुटीबोरीला रात्रपाळीत यंत्रावर आहे, पोट सुटलंय,
भेटला की पाया पडतो आणि मला कुठे बघावं कळत नाही.
ज्याला पाच दिले तो सैन्याच्या संघातून चार हंगाम खेळला.
स्टेशनवर दिसला, ओळख दाखवली नाही.
बरोबरच.

दुसऱ्या हाफात सुगतकडे चेंडू येईना.
मधला तो उंच पोरगा उजवीकडे बघतच नव्हता.
तरी हा पळत होता.
एकसष्टावं मिनिट, घड्याळ बघून लिहितोय:
आतून बाहेर, बाहेरून पुन्हा आत,
हात वर नाही, हाक नाही,
बॅक त्याच्यामागे ओढला गेला
आणि मध्ये वीसेक पावलांची जागा पडली,
सारवून ठेवलेल्या अंगणासारखी.
तिच्यातून नऊ नंबर गेला. गोल.
सगळे नऊ नंबरच्या अंगावर.
हा कोपऱ्यातल्या मुरमावर वाकून
मोज्यातला खडा काढत होता.

"पाहिलं का?" मी विचारलं.
"नऊ नंबरले ना? नऊ देले त्याले."

माझ्या कागदावर ह्याला घर नाही.
डोकं: आठ लिहिले, खोडले, सहा केले,
ते खोडताना कागद थोडा फाटला.
कारण क्रॉस रस्त्यावर जातो हेही खोटं नाही,
आणि क्रॉस नसलेला विंगर
म्हणजे घाईत असलेला एक पोरगा.
सुगत. जो नीट गेला तो.
कुठे, ते नाव सांगत नाही.

शेऱ्यात लिहिलं: चेंडू पायाशी नसताना बघावा.
तेवढ्यात दोन बोटं संपली.

शिट्टीनंतर आला, घामानं दुसरा एकही सुटलेला.
"सर, काही सांगाल?"
"क्रॉस मारताना मान वर."
"हो सर," आणि कामठीची बस चुकेल म्हणून
बूट हातात घेऊन फाटकाकडे अनवाणी पळाला.
समोरून एक सायकलवाला येत होता.
त्याला आधी डावीकडे झुकायला लावलं
आणि आपण उजवीकडून गेला.
सायकलवाला पाय टेकवून उभा,
आपल्याला कुणी फसवलं ते शोधत.