खोड

दुकान म्हणजे रानाच्या तोंडाशी उभा एक कंटेनर.
आत हीटर, कॉफीचा थर्मास, आणि भिंतभर डिस्क,
ताटलीएवढ्या, पण काठाला ताटलीहून धारदार.
ऑक्टोबर सरत आलेला. सावीयोकीच्या तळ्यावर
सकाळी सायीसारखा बर्फ धरतो, दुपारी विरतो.

उर्पो आला. दारात बूट आपटून चिखल झाडला.
बत्तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवलेला माणूस,
बोलतो असा, की शब्दांवर कर बसलाय.
म्हणाला, "लांब जाणाऱ्या सगळ्या तळ्यात गेल्या.
आता ऐकणारी दे."

मी तीन काढून मांडल्या.
प्रत्येकीवर चार आकडे:
वेग किती, तरंगणं किती,
मध्येच उजवीकडे किती कलेल,
आणि दम संपता संपता डावीकडे किती वळेल.
"बारा वेगाची तुला नको," मी म्हणाले,
"खांदा पाहून हात फिरवावा."
त्यानं चष्मा काढलाच नाही खिशातून.
आकड्यांवरून अंगठा नेत काठाशी आला,
काठ दाबला, वाकवला,
कानाशी धरून नखानं टिचकी मारली,
बर्फावर पाय टाकण्याआधी
काठीनं वाजवून बघावा तशी.

मग दुकानाला कुलूप. सातव्या होलवर गेलो दोघं.
दोन्हीकडे स्प्रूस, मधून खाटेच्या रुंदीची वाट,
डाव्या हाताला तळं,
सत्तर मीटरवर साखळ्यांची टोपली.

पहिली कोरी, टणक.
निघाली सरळ, पण अर्ध्यावरूनच वळली डावीकडे,
चुलीवर दूध राहिल्याची आठवण व्हावी तशी.
दुसरी मऊ, हलकी. उजवीकडे कलली ती कललीच,
बर्चच्या घोळक्यात शिरली, आणि रमली.
तिसरी जुन्या पेटीतली, चार युरोची,
हातोहात झिजलेली, आधीच्या मालकाचं नाव पुसट,
नंबरातले शेवटचे दोन आकडे गेलेले.
ती गेली.
घाई नाही, हट्ट नाही.
शेवटी जराशी मान वळवली,
आणि साखळ्या वाजल्या.

आम्ही दोघंही काही बोललो नाही.
"हीच," शेवटी मी म्हणाले.

पण त्यानं पहिलीच उचलून आणली.
फेकली. डावीकडे. पुन्हा. जुनिपरमध्ये.
पुन्हा. पाण्यापासून हातभर अलीकडे.
माझी कॉफी गार झाली, पायाची बोटं बधिर.
कितव्यांदा कोण जाणे, तो दोन पावलं सरकला
आणि सरळ उजवीकडच्या स्प्रूसवर नेम धरला,
जिथे वाटच नव्हती.
डिस्क त्या झाडावर चालून गेली,
आता आपटणार, आता, आणि वळली.
टोपलीपासून चार पावलांवर बसली, मांजरासारखी.

"आइली," तो म्हणाला (एवढं तो वर्षातून एकदा बोलतो),
"क्रेनला लटकलेलं ओझं कधी सरळ उतरत नाही.
झोका कुठे खाणार ते कळलं, की झालं.
हिची खोड मला कळली.
त्या तिसरीला खोडच नाही.
असल्या माणसांशी मी पत्तेसुद्धा खेळलो नाही कधी."

कंटेनरमध्ये परत येऊन नाणी मोजून दिली.
मार्करनं पोटाशी नाव लिहिलं,
गारठलेल्या हातानं, शाळकरी अक्षरात.
नंबरापाशी थांबला.
"तुझाच टाकू का? मी फोन उचलत नाही."

तिसरी मी पेटीत ठेवली, मग काढली,
मग जॅकेटमागच्या खुंटीला अडकवली.
अजून फेकलेली नाही.
सातव्याच्या उजवीकडच्या स्प्रूसच्या खोडावर
डोळ्यांच्या उंचीला साल सोललीय तीन-चार जागी,
डिंक सुटलाय.
उर्पोची वाट तिथून सुरू होते.
माझा फोन आठवड्यातून दोनदा वाजतो:
तळ्याकाठी एक डिस्क सापडलीय, तुमची का?