नऊ चोक

तोबारकच्या इझीबाईकला धूर नाही.
बोग्र्याच्या रस्त्यावर ती नुसती सरकते,
सहा सवाऱ्या, एक बोकड, सीटखाली
पाच बॅटऱ्या, ज्यांचं वजन चढावालाच कळतं.

वर्ष सरलं की त्या दमतात.
भंगारवाला किलोवर घेतो, रोख देतो.
कुठे नेतो, हे विचारायचं नसतं.

तोहुराचा नवाचा पाढा
मागच्या ईदपर्यंत तोंडपाठ होता.
आता नऊ चोकपाशी थांबते,
खिडकीबाहेर बघते.
डॉक्टरीण म्हणाली, रक्त तपासा, ढाक्याला.
आणि, जवळपास कुणी काही वितळवतं का?

वितळवतात. बांबूच्या बनामागे, रात्री.
सकाळी केळीच्या पानांवर राखाडी साय असते.
दोन गाभण गायी गेल्या
त्या सापाने, असं ठरलंय.

तो गेला बघायला.
फुटक्या खोक्यांचा ढीग, आंबट वास.
एकावर पांढऱ्या रंगात, वळणदार:
तोहुरा.
बॅटऱ्या नव्या आल्या तेव्हा
तिनेच लिहिलं होतं, जीभ दातात धरून,
चोरीला जाऊ नयेत म्हणून.

घरी येऊन त्याने प्लग लावला.
उद्याच्या सवाऱ्या ठरलेल्या.
लाल दिवा हिरवा होईपर्यंत
तिच्या उशाशी बसून
स्वतःच म्हणत राहिला,
नऊ चोक,
नऊ चोक