आवक क्रमांक

जाहिरात मीच टाइप करते.
दर वेळी.
अनुक्रमांक एक : प्राध्यापक, सागरी विज्ञान, एक पद.
दोन : सहायक प्राध्यापक, पोर्तुगीज, एक पद, पुन्हा.
'पुन्हा' हा शब्द छापून जात नाही,
तो माझ्याकडेच राहतो.

तीन : ग्रंथालय परिचर.
म्हणजे कायतान. मे अखेरीस निवृत्त झाला.
कुठलं पुस्तक चुकून कुठल्या फळीवर गेलंय
ते त्यालाच ठाऊक होतं.
यादीत ती सगळी आता हरवलेली आहेत.
पात्रता : दहावी उत्तीर्ण.

चार : सहायक प्राध्यापक, अनुसूचित जमातींसाठी राखीव.
तिसऱ्यांदा. मागच्या दोन्ही वेळचा शेरा :
योग्य उमेदवार उपलब्ध नाही.
केप्याहून तीन बसगाड्या बदलून
उपलब्ध झाला होता की एक वेळीप,
पांढरा शर्ट, प्रबंध प्लास्टिकच्या पिशवीत,
चार तास समोरच्या बाकावर.
पाणी मी दिलं त्याला.
शेराही मीच टाइप केला.

पाच, वाहनचालक. सहा, माळी.
ह्या पठारावर माती ती केवढी, सगळा जांभा,
तरी सोयरूबाबांनी सुरंगी जगवली.
नोंदवहीत तिची नोंद : झुडूप, एक.

सर्व पदांसाठी :
गोव्यात पंधरा वर्षं वास्तव्याचा दाखला.
कोंकणीचं ज्ञान आवश्यक.
मराठीचं असल्यास उत्तम.
इथं बोटं अडखळतात माझी.
आई ओरडायची कोंकणीत,
आणि उधारीचा हिशेब, मावशीला पत्रं, देवाचं सगळं
मराठीत लिहायची, एकाच वहीत.
तिला कुणी विचारलं नाही
आवश्यक काय नि उत्तम काय.

सात : कनिष्ठ लिपिक, एक पद.
ही मी.
म्हणजे ही खुर्ची. खुर्चीवरची उशी माझी स्वतःची.
'र' अडकणारा कीबोर्ड.
अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस खंड.
त्या दिवशी डिचोलीच्या बाजारात जाते,
बांगडे आणते, दुपारी झोपते,
आणि दुसऱ्या सकाळी
कोरी करकरीत होऊन रुजू होते.
आठ वेळा झाले आहे नवीन.

वयाची पंचेचाळीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत.
अंतिम तारीख मसुद्यात पेन्सिलीनं लिहिलेली, अठ्ठावीस.
मला पूर्ण होतात तीसला.
दोन दिवस. दोनदा मोजले.
टेबलावर खोडरबर होतं.
खोडायची गरजच नव्हती,
तरी मी ते उचलून
खणात ठेवून दिलं.

अनुभवाचा दाखला लागतो.
प्रमाणित करण्यात येते की
कुमारी शेवंती म्हाळू गावस यांचे काम समाधानकारक आहे.
समाधानकारक खोडून उत्तम केलं.
मग परत समाधानकारक.
साहेबांनी न वाचता सही ठोकली.

आज जेवणाच्या सुट्टीत
अर्ज घेऊन खिडकीबाहेर उभी राहिले.
आत कुणी नव्हतं.
असणार कोण?
मग वळसा घालून आत आले,
चष्मा लावला,
लिफाफा उलटसुलट पाहिला,
शिक्का मारला,
आवक क्रमांक दोनशे चौदा,
आणि पोचपावती फाडून
खिडकीतून बाहेर धरली.