वाउटर यांस, तिसरा खर्डा

श्री. वाउटर,
तुमचं पत्र पोचलं. दोन पानं, कलमं अकरा.
दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं.
मागे कॉम्प्रेसर टाक्या भरत होता,
त्यामुळे तुमचा आवाज मला त्याच्याच आवाजात ऐकू आला.
यात तुमचा दोष नाही.

एक. होडी चाळीस मिनिटं उशिरा.
खरं आहे.
झेथकाका डिझेलच्या रांगेत होते
आणि रांगेतून एका लग्नाची वरात चालली होती.
(वरातीचं खोडते. कारण घातलं की माफी पातळ होते.)

दोन. वेटसूटला गुडघ्यावर भोक.
ते भोक माझ्या ओळखीचं आहे,
चारदा शिवलंय मी ते.
तुमच्या मापाचा तो एकच सूट.
इथे कालाबाहीत इतकं उंच कोणी होत नाही.

तीन. चहा गार.
सामुद्रधुनीतून माणूस निळ्या ओठांनी वर येतो
आणि आम्ही त्याच्या हातात गार चहा देतो,
याला उत्तर नाही.
थर्मासचं बूच हरवलं होतं, केळीचं पान कोंबलं होतं.
नवा आणलाय. लाल.

चार ते आठ वाचता वाचता
मी उठून तव्यावरचे मासे उलटून आले.
सगळं कबूल.

नऊपाशी अडले.
'तुमचा गाइड मासे दाखवायचे सोडून
सारखा मलाच पाण्यात पाहत होता.
एकोणिसाव्या मिनिटाला वर आणलं,
पैसे मात्र पन्नास मिनिटांचे.'

अहो, माणसांना पाण्यात पाहणं
हाच तर त्याचा धंदा.

पहिल्या खर्ड्यात मी सगळं लिहिलं होतं.
ओबाजाची वहीच समोर ठेवली :
उतरताना दोनशे बार. बाराव्या मिनिटाला साठ.
त्याने विचारलं, ठीक?
तुम्ही बोटांनी म्हणालात, ठीक,
आणि डोळ्यांनी दुसरंच काही.
मग त्याने आपली दुसरी नळी तुमच्या तोंडात दिली
आणि पाच मीटरवर तीन मिनिटं
एका टाकीवर दोन माणसं लटकून राहिली.
त्याच्या मनगटावर तुमची चार नखं
गुरुवारपर्यंत होती.
हे त्याने नाही सांगितलं. त्याची बायको मीठ न्यायला आली तेव्हा बोलली.

झणझणीत झाला होता तो खर्डा.
ओबाजाला वाचून दाखवला.
तो सूट धूत होता, मान वर न करता म्हणाला,
नको पाठवू, मार्सेलिना.
होडीत त्यांचा मुलगा होता.
वर आल्या आल्या ते त्याला म्हणाले,
गाइडची हवा संपली म्हणून लवकर आलो.
पोराने माझ्याकडे बघितलं.
मी हो म्हणून मान हलवली.
आता हलवलेली मान परत कशी घेऊ?

दुसऱ्या खर्ड्यात नुसतं 'क्षमस्व' होतं.
तो शिंपल्यासारखा वाजायचा.

तर, नऊ :
एकतीस मिनिटांचे पैसे परत पाठवते आहे.
ओबाजाच्या मजुरीतून नाहीत.

दहा. बाथरूमच्या नळाला खारं पाणी.
बेटच खारं आहे. क्षमस्व.

अकरा. तक्रारीत घालायला गाइडचं नाव हवंय तुम्हाला.
ओबाजा.
स्पेलिंग मुलाला विचारा,
परतीच्या वाटेवर त्याने ते तीनदा लिहून घेतलं होतं,
ओल्या पाटीवर, पेन्सिलने.

आणि बारा.
हे तुम्ही लिहिलेलं नाही.
नव्या माणसाला आधी उथळ पाण्यात उतरवून बघायचं,
हा आमचा नियम आहे, भिंतीवर रंगवलेला.
त्या दिवशी उशीर झाला होता,
तुम्ही घड्याळ बघत होतात,
आणि मीच धक्क्यावरून ओरडले :
राहू दे, थेट न्या.

खोडायला हात गेला होता.
राहू दिलंय.